दहावीनंतरची लाईन मेंदूच्या स्कॅनवरून ठरवावी का? ऑटिस्टिक मुलांच्या दृष्टीनं काय वाटतं?

अनगोळकर

मंडळी, यंदा एसएसएलसीचा (कर्नाटकातली दहावी) निकाल लागल्यापासून बेळगावात करिअर मार्गदर्शनाचे मेळावे जोरात आहेत. त्यातल्या एका ठिकाणी मुलाला घेऊन गेलो होतो. डोक्याला पट्टा बांधून, थोडा वेळ ग्राफ काढून 'तुमच्या मुलाचा मेंदू कुठल्या क्षेत्राचा' असा रंगीत रिपोर्ट हातात देत होते. फी चार आकडी. शेजारच्या टेबलावर बोटांचे ठसे घेऊन तेच सांगणं चाललं होतं. दोन्ही पटलं नाही, उठून आलो.

पण घरी येऊन वाचत बसलो तेव्हा कळलं की खऱ्या एमआरआयवर असं काम झालेलं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतले रिचर्ड हायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ४० जणांचे स्कॅन अभ्यासले. अमेरिकेत जॉन्सन ओ'कॉनर रिसर्च फाउंडेशन नावाची क्षमता-चाचण्या घेऊन मार्गदर्शन करणारी संस्था आहे, तिथं आलेले हे लोक. आठ चाचण्यांमधले त्यांचे गुण आणि मेंदूच्या कुठल्या भागात ग्रे मॅटर (पेशींचा करडा थर) किती, याचा मेळ लागतो का हे त्यांनी बघितलं. काही ठिकाणी लागलाही.

माझा मुलगा ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न आहे. मराठी माध्यमातून एसएसएलसी झाला. घरी मराठी, स्पीच थेरपी इंग्रजी-कन्नड मिसळून, आणि अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट इंग्रजीत, नाहीतर कन्नडमध्ये. प्रश्न समजून घेईपर्यंत वेळ संपते आणि 'भाषिक क्षमता कमी' असा शेरा बसतो. तोंडी मुलाखतीत डोळ्याला डोळा देत नाही म्हणून आणखी एक शेरा. सीमाभागातल्या आपल्या मुलांना भाषेचा फटका एकदा बसतो, ऑटिस्टिक मुलांना दोनदा.

स्कॅन भाषा विचारत नाही. माझ्याकडं बघून बोल, असंही म्हणत नाही. म्हणून माझं मत असं की हे तंत्र आपल्याकडं यायला हवं, आणि आधी ऑटिस्टिक मुलांसाठी यायला हवं. विरोध असेल तर कारणासकट मांडा, मला खरंच ऐकायचंय.

कॅम्पातला टेक्निशियन

सर, मी एमआरआय मशीनवरच काम करतो, म्हणून मशीनपुरतं बोलतो.

गाठ, सूज, रक्तस्राव असला तर फिल्मवर दिसतो. 'हा अकाउंट्सला बरा, तो डिझाइनला' असं काही दिसत नाही. तुम्ही सांगितलेल्या कामातसुद्धा एकेका माणसाची फिल्म बघून त्याची लाईन सांगितलेली नसणार. सगळ्यांचे स्कॅन एकत्र करून कुठं काय जुळतं ते कॉम्प्युटरनं शोधलं. घोळक्याची गोष्ट आणि एका पोराची गोष्ट यात लई फरक आहे.

आता स्कॅनचं. डोक्याभोवती कॉइल, म्हणजे पिंजऱ्यासारखी चौकट, लॉक होते, नाकाच्या जरा वर. पाठीवर झोपून अर्धा-पाऊण तास हलायचं नाही. आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. कानात बोळे, त्यावर हेडफोन, तरी ठोके ऐकू येतात, आणि ते एका लयीत राहत नाहीत. मध्येच बदलतात, मध्येच थांबतात, परत सुरू होतात. घरात मिक्सर लावला तर कान झाकून पळणाऱ्या मुलाला त्यात ठेवून बघा. घाबरलास तर दाब म्हणून आम्ही हातात रबरी बल्ब देतो. न बोलणारी काही मुलं तो शेवटपर्यंत दाबत नाहीत, काही पहिल्या ठोक्यापासून दाबत राहतात. मी आधीच्या दिवशी बोलावून मशीन दाखवतो, मोबाइलवर आवाज ऐकवतो. काहींना त्याचा उपयोग होतो.

डोकं किंचित हललं तरी आकडे बिघडतात. २०१२ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की अगदी बारीक हालचालीमुळं मेंदूच्या भागांमधल्या जोडण्या खोट्याच कमी-जास्त दिसतात. ऑटिस्टिक लोकांच्या मेंदूबद्दल आधी छापून आलेल्या कितीतरी गोष्टींवर त्यामुळं प्रश्नचिन्ह लागलं. मग न हलणारी मुलं हवीत तर भूल द्यायची. आजार शोधायला भूल देतात, ते समजू शकतो. पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घ्यावं की कॉमर्स, यासाठी भूल?

धारवाडची विद्यार्थिनी

दादा, मशीनचा त्रास खरा आहे, पण त्यासाठी तंत्रच मोडीत काढणं मला पटत नाही. मी धारवाडला मानसशास्त्र शिकते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये २०१० मध्ये २० ऑटिस्टिक आणि २० इतर प्रौढ पुरुषांचे स्कॅन तपासले. मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी, घड्या, वळणं असे वेगवेगळे पैलू एकत्र घेऊन ऑटिस्टिक व्यक्ती ९० टक्क्यांपर्यंत बरोबर ओळखता आल्या. पुढं २०१२ मध्ये १७ केंद्रांनी आपापले स्कॅन एकत्र केले, 'अबाइड' नावानं १,११२ जणांचा साठा सगळ्या जगाला खुला झाला. दोन वर्षांत चाळीसवरून अकराशेवर गेलो. विज्ञान असंच पुढं जातं.

आणि आज पर्याय काय आहे? अनगोळकरांनी सांगितलंच, बोटांचे ठसे. त्या ठसेचाचणीला शास्त्रीय आधार नाही असं इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटी या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं जाहीर करूनही निपाणीपासून हुबळीपर्यंत ती विकली जाते. पालकांना काहीतरी ठोस हवं असतं, म्हणून विकली जाते. खरं शास्त्र मागं राहिलं तर ती जागा असलेच लोक भरणार. त्यामुळं मी अनगोळकरांच्या बाजूनं.

खानापूरचा मास्तर

ताई, ९० टक्के तुम्ही सांगितलेत. त्याच अभ्यासात ऑटिस्टिक नसलेल्यांना 'नाही' म्हणून ओळखण्याचं प्रमाण ८० टक्के होतं, ते राहून गेलं. मी गणित शिकवतो, तेवढा हिशेब मांडतो.

आपल्या तालुक्यातली १०,००० मुलं धरा. शंभरात एक ऑटिस्टिक म्हटलं तर झाली १००. त्यातली ९० स्कॅन ओळखेल. उरलेल्या ९,९०० पैकी २० टक्क्यांवर चुकीचा शिक्का बसेल, म्हणजे १,९८० मुलं. एकूण २,०७० जणांच्या कागदावर 'ऑटिझम' आणि त्यात खरे ९०. शंभर शिक्क्यांत चार-पाच बरोबर. हा आक्षेप तेव्हाच परदेशी जाणकारांनी घेतला होता, मी फक्त आपल्या तालुक्याचे आकडे घातले. आणि इथं प्रश्न नुसता 'आहे की नाही' एवढाच होता. 'याला कुठलं काम जमेल' हा प्रश्न त्याहून कितीतरी गुंतागुंतीचा.

अनगोळकर, आता तुमच्या मुद्द्यावर येतो. स्कॅन भाषा विचारत नाही म्हणता. पण हायर यांनी स्कॅन कशाशी ताडून बघितला? त्याच चाचण्यांच्या गुणांशी. कुणाचा मेंदू 'चांगला' हे शेवटी चाचणीनंच ठरवलं. ज्या मोजपट्टीवर तुमच्या मुलावर अन्याय झाला, तीच मोजपट्टी मशीनच्या पोटात बसलेली आहे. वरून दिसत नाही एवढंच.

आणखी एक. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना शहरातले हजारो रस्ते पाठ करून परीक्षा द्यावी लागते. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवलं की या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा (मेंदूतला वाटा लक्षात ठेवायला लागणारा भाग) मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. लोकांना वाटलं, मोठा असतो म्हणून ते टॅक्सीवाले होतात. २०११ मध्ये त्यांनी आणि कॅथरिन वूलेट यांनी शिकाऊ उमेदवार घेतले आणि काही वर्षांनी पुन्हा तपासले. सुरुवातीला पुढं पास होणाऱ्यांत आणि नापास होणाऱ्यांत त्या भागात फरक नव्हता. जे शिकून पास झाले त्यांच्यात तो वाढला. काम करून मेंदू बदलला. मग सोळाव्या वर्षी, काम करायच्या आधीच, काय शोधणार आहात?

हिंडलगा रोड

मास्तरांच्या बोलण्यात एक भर. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि मंडळींनी एक मेलेला सॅमन मासा फंक्शनल एमआरआयमध्ये (मेंदूचा कुठला भाग कामात आहे ते दाखवणारा स्कॅन) ठेवला आणि त्याला माणसांचे फोटो दाखवले. हजारो ठिकाणं एकदम तपासताना हिशेबात नेहमीची दुरुस्ती केली नाही तर माशाच्या मेंदूत 'हालचाल' दिसते, हे त्यांनी दाखवून दिलं. मशीन खोटं बोलत नव्हतं, आकडे वाचणारे घाई करत होते. आपल्याकडं रिपोर्ट कोण वाचणार आहे, याची मला जास्त धास्ती वाटते.

निपाणीची आई

तुम्ही सगळी शिकलेली माणसं बोलायलाय, मी जरा माझं सांगते.

माझी लेक एकोणीस वर्षांची. बोलत नाही. मी घरी ब्लाउज शिवते. लगीनसराईत भिंतीला पिशव्याच पिशव्या लागलेल्या असतात. कुणाचं कापड, कुणाचं अस्तर, मापाचा ब्लाउज कुणाचा, हे तिला एकदा बघितलं की पक्कं. चिठ्ठी वाचत नाही, वाचता येतही नाही. मी घाईत दुसऱ्याच पिशवीत अस्तर कोंबायला लागले की येऊन माझं मनगट धरते. सोडत नाही, पिशवी बदलेपर्यंत.

हे मी बाहेर सांगितलं की लोक म्हणतात, आईला तसं वाटणारच ओ. बुद्ध्यांकाची चाचणी केली होती, ती काही बोलली नाही म्हणून आकडा तळाला. त्या एका कागदावर शाळेपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांनी तिचं ठरवून टाकलं. स्कॅनमध्ये तिच्या डोक्यातलं काहीतरी दिसलं असतं तर निदान माझ्या शब्दावर काही अवलंबून राहिलं नसतं.

मास्तर, तुमचं गणित बरोबरच असणार. पण माझी लेक त्या दहा हजारांतली एक नाही, ती एकटीच आहे. तिच्यासाठी एक दार उघडलं तरी मला ते मशीन चालेल. आवाज सहन करायला मी तिला शिकवीन.

वडगावची विशेष शिक्षिका

ताई, तुमचं सगळं पटलं, पण दार उघडायला मशीनच कशाला? मी विशेष मुलांना शिकवते. लेकीची चाचणी झाली म्हणता, ती बहुतेक प्रश्नोत्तरांची झाली असावी.

कॅनडात मॉन्ट्रियलला मिशेल डॉसन आणि लॉरां मोत्रों यांच्या गटानं २००७ मध्ये एक काम केलं. डॉसन स्वतः ऑटिस्टिक आहेत. ऑटिस्टिक मुलांना त्यांनी दोन चाचण्या दिल्या. एक वेश्लर, म्हणजे आपण ज्याला सर्रास आयक्यू टेस्ट म्हणतो ती, त्यात बोलून उत्तरं द्यायचा भाग मोठा. दुसरी रेव्हनच्या आकृत्यांची. शंभर मुलं गुणांप्रमाणे रांगेत उभी केली असं धरा. दुसऱ्या चाचणीत ऑटिस्टिक मुलं सरासरी तीस जागा पुढं आली. काही तर सत्तर जागा पुढं. ऑटिस्टिक नसलेल्या मुलांत असा फरक पडला नाही.

ती चाचणी कशी असते सांगते. कागदावर आकृत्यांची चौकट, त्यातली एक जागा रिकामी. खाली सहा किंवा आठ तुकडे. कुठला बसतो त्यावर बोट ठेवायचं, झालं. ना कन्नड, ना इंग्रजी, ना मराठी. तुमच्या लेकीला बोट ठेवता येतं, नाहीतर मनगट तरी धरता येतं! धारवाडच्या डिम्हान्सला (तिथली मानसिक आरोग्य संस्था) किंवा मैसूरच्या वाक्-श्रवण संस्थेत गेलात तर 'न बोलता होणारी चाचणी घ्या' असं आपणहून मागा. मागितल्याशिवाय काही ठिकाणी नेहमीचीच घेतात.

अनगोळकर, भाषेची अडचण कागदावरच्या आकृत्या सोडवत असतील तर पोराला मशीनमध्ये कशाला घालायचं?

अनगोळकर

बाई, रेव्हनचं मला नवीन आहे, धन्यवाद. पण माझा प्रश्न तिथं सुटत नाही. मुलाला बुद्धी आहे हे मला ठाऊक आहे. त्याला कुठं लावायचं, हा प्रश्न आहे. आकृत्या जुळवल्या म्हणून काय करायचं, डिप्लोमा की आयटीआय की दुकान? मार्गदर्शन करणारे ऑटिझम म्हटलं की एकच बोलतात: 'कॉम्प्युटरला घाला, ही मुलं कॉम्प्युटरमध्ये हुशार असतात.' माझा मुलगा कॉम्प्युटरजवळ दहा मिनिटं बसत नाही. त्याला झाडं आवडतात. हा साचा मोडायला तरी स्कॅनचा उपयोग होईल असं मला वाटत होतं.

मास्तरांचा मोजपट्टीचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही.

इथं कुणी स्वतः ऑटिस्टिक आणि नोकरी करणारं आहे का? असाल तर लिहा.

क्वालिटी टेबल

मी आहे. वय ३१. उद्यमबागमध्ये हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे पार्ट करणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे.

माझं काम असं: व्हॉल्व्हमधला स्पूल म्हणजे एक गोल दांडा, त्याचा व्यास मायक्रोमीटरनं मोजायचा. ड्रॉइंगवर दिलेली सूट काही मायक्रॉनचीच असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तीन जागी मोजायचं, फिरवून परत मोजायचं, कडेला बर, म्हणजे कापताना राहिलेली बारीक धार असेल तर नखाला लागते, तो जॉब (पार्ट) बाजूला. दिवसभर हेच. मला कंटाळा येत नाही. आकडा बसला की बरं वाटतं.

पहिली नोकरी दुसऱ्या ठिकाणी होती. काम हेच, मायक्रोमीटर हाच. टेबल कॉम्प्रेसरला लागून. सुपरवायझर लांबून ओरडून सांगायचे आणि शिफ्टच्या मध्येच बदलायचे: हा लॉट सोड, तो घे. मला आवाजातले शब्द वेगळे काढता यायचे नाहीत. चुकीचे जॉब पास झाले. 'याला जमत नाही' म्हणून काढलं.

आताच्या ठिकाणी मोजमापाची खोली वेगळी आहे. पोलाद तापलं की फुगतं, म्हणून मोजमाप २० अंशांना करायचा जगभर नियम आहे. त्यासाठी खोली बंद आणि एसी. त्यामुळं आतमध्ये मशीनचा आवाज येत नाही. ती शांतता माझ्यासाठी केलेली नव्हती, पोलादासाठी केलेली होती. पण माझी नोकरी तिच्यामुळं टिकली. इथले सुपरवायझर सकाळी वहीत लिहून देतात: आधी कुठला लॉट, मग कुठला. बदल झाला तर वहीतच खोडून लिहितात.

दोन्ही ठिकाणी मेंदू माझाच होता. पहिल्या वेळी स्कॅन काढला असता तरी तोच आला असता, दुसऱ्या वेळीही तोच. त्यात कॉम्प्रेसर दिसला नसता. म्हणून मला स्कॅननं लाईन ठरवणं चुकीचं वाटतं. काम जमतं की नाही हे अर्धं माणसात असतं, अर्धं टेबलाच्या आजूबाजूला.

टेम्पल ग्रँडिन यांचे मेंदूचे स्कॅन लोक नेहमी दाखवतात. त्या ऑटिस्टिक आहेत, कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात प्राध्यापक, गुरांना न घाबरवता पुढं नेणाऱ्या वाटा आणि पिंजरे त्यांनी डिझाइन केले. पण ते काम त्यांनी १९७०च्या दशकात गोठ्यांत फिरून सुरू केलं. स्कॅन पुष्कळ नंतर झाले. कुणी स्कॅन बघून त्यांना गोठ्यात पाठवलं नाही.

डेन्मार्कमध्ये २००४ साली थॉर्किल सोने यांनी 'स्पेशलिस्टर्ने' नावाची कंपनी काढली, त्यांचा मुलगा ऑटिस्टिक आहे. तिथं मुलाखतीऐवजी लेगोचे रोबो जुळवायला द्यायचे आणि माणूस काम कसं करतो ते बघायचे. मला ही पद्धत बरोबर वाटते. फक्त तिथंही पुढं बहुतेक सॉफ्टवेअर टेस्टिंगचंच काम होतं. अनगोळकर काकांच्या मुलाला झाडं आवडतात तर त्याला नर्सरीत महिनाभर ठेवून बघावं.

अजून एक. मुलासाठी काढलेला स्कॅन उद्या मालक मागणार. आज मेडिकल फिटनेस मागतात तसा. मला ती भीती आहे आणि ती मला कमी करता येत नाही.

धारवाडची विद्यार्थिनी

तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. तरी एक गोष्ट सांगायची आहे. तुम्हाला दुसरा कारखाना मिळाला. पहिल्याच ठिकाणी काढून टाकल्यावर घरात बसवलेली मुलं मी पाहिली आहेत. आई-बाप दुसऱ्यांदा धाडसच करत नाहीत. 'लावून बघा' हे म्हणायला सोपं, पण प्रत्येक वेळी न जमल्याची किंमत ऑटिस्टिक मुलगा मोजतो. आधीच काही पर्याय गाळता आले तर तो मार कमी होईल. त्यासाठी स्कॅनवरचं संशोधन चालू राहायला हवं. २०२२ मध्ये 'नेचर' मासिकात जवळजवळ ५०,००० लोकांचे स्कॅन घेऊन दाखवलंय की मेंदू आणि वागणूक यांचा भरवशाचा मेळ लावायला हजारो माणसं लागतात, चाळीस-पन्नास पुरत नाहीत. म्हणजे आज जमत नाही. पुढंही जमणारच नाही, असं त्यातून निघत नाही.

खानापूरचा मास्तर

संशोधन चालू दे की ओ, त्याला कुणाचा विरोध आहे? शाळेच्या हॉलमध्ये टेबल मांडून विकायला विरोध आहे.

टिळकवाडीतून वकील

कायद्याचं थोडं, कारण शेवटी तिथंच येणार.

'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' हा खटला आपल्याच राज्यातला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नार्को, लाय डिटेक्टर आणि ब्रेन मॅपिंग कुणावरही त्याच्या मर्जीविरुद्ध करता येणार नाही. तो विषय गुन्ह्याच्या तपासाचा होता, नोकरीचा नव्हे. पण खुनाच्या संशयिताच्या डोक्यात जबरदस्तीनं डोकावता येत नाही, तर नोकरी मागायला आलेल्या पोराच्या डोक्यात डोकावायचा हक्क मालकाला कुठून आला, हे मी उद्या कुठल्याही कोर्टात विचारीन.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, ऑटिझम त्यात आहे. प्रमाणपत्रासाठी स्कॅन लागत नाही. 'इसा' नावाची ४० मुद्द्यांची भारतीय मापनपद्धत आहे, त्यात निरीक्षण करून आणि पालकांशी बोलून गुण देतात. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर सरकारी नोकरीत ४ टक्के राखीव जागा आहेत. त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, शिकण्यातली विशिष्ट अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांसाठी मिळून. समान संधी धोरण जाहीर करणं खासगी आस्थापनांनाही बंधनकारक आहे. क्वालिटी टेबलला मिळालेली वही आणि शांत खोली कायद्याच्या भाषेत 'वाजवी सोय' म्हणून मोडते. ती नशिबानं मिळायची गोष्ट नाही, मागायची आहे.

आणि अनगोळकर, तुम्ही एवढं सगळं लिहिलंत, पण स्कॅनबद्दल मुलाला विचारलंत का? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात मुलांसाठी पालकाची संमती, आणि कायदेशीर पालक नेमलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी त्या पालकाची संमती धरली आहे. म्हणजे असा पालक नेमलेला असेल तर मुलगा तीस वर्षांचा झाला तरी त्याच्या मेंदूच्या माहितीवर सही दुसऱ्याची. सही तुमची असली तरी मेंदू त्याचा आहे.

अनगोळकर

वकीलसाहेब, काल रात्री विचारलं. टेक्निशियन दादांनी लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं आणि मशीनचा आवाज मोबाइलवर ऐकवला. तो म्हणाला, मशीनमध्ये जाणार नाही, आकृत्यांची चाचणी देईन. तेव्हा आमच्या घरापुरता विषय मिटला.

मत मात्र मी पूर्ण सोडलेलं नाही. उद्या हे तंत्र खरंच तयार झालं तर ते कुणाच्या मेंदूंवर तयार झालेलं असेल? अमेरिका-युरोपातल्या, बोलता येणाऱ्या, शांत पडून राहता येणाऱ्या लोकांच्या. आपली मुलं त्या साठ्यात नसतील तर तिथंही 'कमी' असाच शेरा येईल. त्यामुळं संशोधनात आपली मुलं, त्यांच्या मर्जीनं, असायला हवीत. एवढं मी धरून आहे.

नर्सरीचं मनावर घेतलंय. येळ्ळूर रोडकडं ओळखीचे एकजण आहेत, त्यांच्याशी बोलणार.

निपाणीची आई

वकीलसाहेब, तो एक टक्का परीक्षा देणाऱ्यांना ओ. माझ्या लेकीला परीक्षा देता येत नाही. आणि बाई, आकृत्यांची चाचणी मी मागीन, पण चाचणीत चांगले गुण पडले तरी दुकानदार तो कागद बघून कामावर घेणार आहे काय? मला अजून वाटतं, चित्रात दिसलं असतं तर लोकांनी मानलं असतं. इथं माझं कुणाला पटणार नाही, ठाऊक आहे.

क्वालिटीवाल्या दादांना विचारते. इथं एक ओळखीचं कापड दुकान आहे, वर ब्लाउज शिवून देतात. त्यांच्याकडं लेकीला ठेवून बघायचं म्हटलं तर मालकाला काय काय सांगून ठेवू?

क्वालिटी टेबल

ताई, ऑटिझम म्हणजे काय ते समजावत बसू नका. त्यांना वेळ नसतो आणि ते घाबरतात. काम सांगा: कापड, अस्तर आणि मापाचा ब्लाउज एका पिशवीत लावणं, आणि चुकलेली पिशवी शोधणं. पहिल्या दिवशी तुम्ही सोबत बसा आणि मुद्दाम एक अस्तर चुकीच्या पिशवीत टाका. मालकाला तिथंच उभं करा, त्यांच्या डोळ्यांसमोर ती ते काढेल.

तिला वाचता येत नाही, तर कामाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावा. सांगणारा माणूस एकच असू दे. दोघंतिघं सांगायला लागले की गोंधळ होतो. ती लोकांना हात लावून थांबवते हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी झटकेल आणि ती परत कधी धरणार नाही. फॅन, शिलाई मशीन, रस्ता यातला कुठला आवाज तिला नको असतो ते बघून उलट्या बाजूची जागा मागा. कान झाकायचे मफ हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, कारखान्यात वापरतात तेच.

सुरुवातीला रोज दोन तासच, आणि घरी कधी जायचं ते तिला घड्याळावर दाखवून ठेवा. पगाराचं पहिल्या दिवशीच बोला, थोडा असला तरी. फुकट ठेवायची सवय लागली की पुढं ती मोडत नाही. आणि लगीनसराईत विचारू नका, तेव्हा शिकवायला कुणालाच सवड नसते. पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा जा.